आधी मेलेलं बेअरिंग दाखव

दुकान टाकून बसलाय, पण माल विकायची घाई नाही, असा दुकानदार मी आयुष्यात एकच बघितला. शाहूपुरीत स्टेशनच्या अंगाला एका बोळात त्यांचं दुकान होतं. बेअरिंग, ऑइल सील, कपलिंगची रबरं, पंपाच्या ग्लँडात भरायची दोरी, असला सगळा माल. शेजारच्या दुकानांत काचेच्या कपाटात नवा माल झगमगत असायचा. यांच्या काचेच्या कपाटात मेलेली बेअरिंगं. कुठलं फुटलेलं, कुठलं तापून निळं पडलेलं, कुठलं गंजून लाल झालेलं. नवा माल आतल्या खोलीत, अंधारात. पहिल्यांदा येणारा माणूस भंगाराचं दुकान समजून पुढं निघून जायचा आणि हे त्याला हाकसुद्धा मारायचे नाहीत.

चुकून कोण आत शिरलाच, तर त्याची अशी वरात निघायची:

"पावणं, काय पायजे?"

"त्रेसष्ट-दहा नंबरचं बेअरिंग द्या."

"मेलेलं आणलंय?"

"ते कशाला? नंबर ठावं हाय की मला."

"नंबर मलाबी ठावं हाय. मेलं कशानं, ते ठावं हाय का?"

पावणं खांदे उडवायचं. मग आप्पा, म्हणजे हे दुकानदार, पेपर उघडायचे. पेपर उघडला म्हणजे विषय संपला. आधी मेलेलं बेअरिंग दाखव, ते कशानं मेलं ते दोघांनाही कळू दे, मग नवं घेऊन जा, हा त्यांचा नियम. गिऱ्हाईक शिव्या हासडत समोरच्या दुकानात जायचं. समोरचा दुकानदार मोकळेपणानं सांगायचा, "आप्पांच्या पुण्याईवर माझा संसार चाललाय."

आप्पा हे काही त्यांचं नाव नव्हे. नाव मी सांगणार नाही. त्यांना कळलं असतं तर भर बाजारात माझी बिनपाण्यानं केली असती. सगळे आप्पाच म्हणायचे. कपाळावर भस्माचे आडवे पट्टे, पांढरा सदरा, पांढरं धोतर. दिवसभर ग्रीसमध्ये बोटं घालणारा माणूस, पण सदऱ्यावर डाग म्हणून नाही. हे कसं जमायचं ते मला अजून कळलेलं नाही. मी तर नुसता त्यांच्या दुकानासमोरनं गेलो तरी माझी विजार काळी व्हायची.

घराणं सीमेकडचं, पिढ्यान्‌पिढ्या व्यापारातलं. घरात कानडी, बाजारात मराठी. गिऱ्हाइकाशी भांडण मराठीतच. पण मेलेलं बेअरिंग तळहातावर घेतलं की म्हाताऱ्याचा आवाज एकदम मऊ व्हायचा. बोटानं ते हळूच फिरवत विचारायचे, "येनातप्पा निनग?" म्हणजे, काय झालं बाबा तुला? मी एकदा म्हटलं, "आप्पा, लोखंडासंगं कानडी कशाला?" तर म्हणाले, "आजाऱ्यासंगं घरच्या भाषेत बोलावं. मराठीत मी लई वरडतो."

मग तपासणी सुरू. आधी वास. ग्रीस अंगठ्यावर घासून नाकाला लावायचे. जळकं आहे की आंबट, पाणी शिरलंय की नाही, ते वासावर सांगायचे. मग चिमूटभर ग्रीस दातांखाली. होय, दातांखाली! आणि थुंकून म्हणायचे, "कच हाय. फौंड्रीतली वाळू. सील फाटलंय तुझं, बेअरिंग काय करणार?" त्यानंतर मागच्या ऐरणीवर छिन्नीनं गोळ्या धरून ठेवणारा पिंजरा कापायचा, गोळ्या मोकळ्या करायच्या आणि बाहेरची कडी उन्हात धरून डोळा बारीक करून बघत बसायचं. तोवर गिऱ्हाइकाचा चहा गार. एवढं झाल्यावर नवं बेअरिंग मिळायचं, पण तेही सुखासुखी नाही. दारात एक बादली, साबण आणि धुतलेला टॉवेल. "हात धू." मोटारीतनं आलेला कारखानदार असो नाही तर आमच्यासारखा फिटर असो, हात धुतल्याशिवाय बॉक्स हातात नाही. एक कारखानदार म्हणाला, "आप्पा, मी कुठं बसवणार हाय? मिस्त्री बसवील." आप्पा म्हणाले, "मग मिस्त्रीला पाठवा. तुमी मोटारीतच बसा."

एवढा आगाऊ माणूस, पण त्याला मान होता. कारण तिथनं नेलेलं बेअरिंग टिकायचं. बेअरिंग काय, समोरच्याचंही तसलंच. पण इथं येणाऱ्याला आपला पंप कुठं मार खातोय ते कळून चुकायचं, आणि ते एकदा कळलं की पंप परत परत बिघडत नाही. धंद्याच्या दृष्टीनं बघाल तर हा शुद्ध वेडेपणा. गिऱ्हाईक एकदा आलं की वर्ष वर्ष परत येत नसे, आणि याचंच म्हाताऱ्याला कौतुक.

दुसरं वेड थेंबाचं. पंपाचा दांडा जिथनं बाहेर येतो तिथं ग्लँडात दोरी भरलेली असते, आणि त्या दोरीतनं थेंब थेंब पाणी गळत राहिलं पाहिजे. तेवढ्या पाण्यानं दोरी ओली आणि थंड राहते. आता आपल्याकडच्या माणसाला गळतं पाणी बघवतंय का? लगेच पाना घेऊन आवळणार. गळती बंद झाली म्हणून खूश होणार, आणि आत दोरी जळून दांड्याला खाच पडणार. असा खाचा पडलेला दांडा घेऊन कोण आला की आप्पांचा पारा चढायचा. "तुझा घसा आवळू का असा? आवळू? आणि मग म्हणतो, मला भाषण करून दाखव!" ते खरोखर उठून त्या माणसाच्या गळ्याकडं हात न्यायचे. नवी माणसं घाबरून मागं सरायची.

त्यांच्या थोरल्या लेकीचं लग्न कबनूरला झालं. मुलाकडचे यंत्रमागवाले, मोठा गोतावळा. अक्षता पडायची वेळ झाली आणि मुलीचा बापच गायब. सगळीकडं हाकाटी. सापडले कुठं, तर कार्यालयाच्या मागं, पाण्याच्या पंपाजवळ. हौदातलं पाणी संपलं होतं, पंप कोरडाच फिरत होता आणि त्याचं सील कोकलत होतं. एवढ्या सनईच्या आवाजात ते फक्त यांनाच ऐकू आलं. पंप बंद करून, बाह्या भिजवून आले तोवर अक्षता पडून गेल्या होत्या. आक्का, म्हणजे त्यांची बायको, हे शेवटपर्यंत विसरली नाही. "लेकीपरास सील मोठं झालं ह्यांस्नी," असं ती येईल त्याला सांगायची. आप्पांचं उत्तर ठरलेलं: "अक्षता टाकायला मांडव भरून माणसं हुती. पंप बंद कराय एक तरी हुतं का?" पण लेक पाया पडायला आली तेव्हा हा माणूस ढसाढसा रडलेला मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय. तिनंच त्यांना उठवून बसवलं.

दोन हजार सालानंतर काही वर्षांनी ते गेले. दुकानाच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात. मी भेटायला गेलो तेव्हा आक्का म्हणाली, "बाबा, ती कपाटातली मढी तेवढी घेऊन जा. भंगारात घालाय माझा हात हुईना." ती मी आणली. मी आता उद्यमनगरात पंपदुरुस्तीचं वर्कशॉप चालवतो, घर चालतं, पोरं शिकली, चार माणसं माझ्या हाताखाली काम करतात. हे सगळं त्या म्हाताऱ्यामुळं आहे. हे मी उगाच मोठेपणा देण्यासाठी म्हणत नाही. त्यांच्यामुळं काय झालं ते सांगितल्याशिवाय या सगळ्या गोष्टी म्हणजे एका चक्रम दुकानदाराचे किस्से होऊन राहतील, म्हणून आता ते सांगतो.

नव्वदीची मधली वर्षं. मी आयटीआय करून आमच्याच गावच्या पाणीपुरवठा संस्थेत फिटर होतो. नदीकाठी पंपघर, तिथनं पाणी उचलून वरच्या माळापर्यंत जायचं आणि निम्म्या गावाचा ऊस त्यावर. मोठा पंप एकच. चार-पाच वर्षं तो बिनतक्रार चालला. मी पंपघरात शिरलो की आवाजावरनं मला कळायचं सगळं बरं आहे की नाही. खोटं कशाला बोलू, त्या पंपावर माझा जीव होता.

मग संस्थेची निवडणूक झाली आणि नवे चेअरमन आले. माणूस दिलदार, देवभोळा, जुना तालमीतला गडी. मान बैलासारखी आणि मन लोण्यासारखं. त्यांनी आल्या आल्या फर्मान काढलं, आता पंपाचं सगळं नीट करायचं, बेअरिंगसुद्धा नवी घालायची. मी घातली. यथासांग पूजा झाली, पेढे वाटले. आणि महिनाभरात कपलिंगच्या, म्हणजे मोटार आणि पंपाचा दांडा जिथं जोडतात त्या बाजूचं बेअरिंग घरघरायला लागलं. हात ठेवला तर चटका. उघडलं तर मेलेलं.

ते घेऊन मी आप्पांच्या दुकानात गेलो. त्यांनी कापलं, उन्हात धरलं आणि कडीच्या आतल्या बाजूला मला बोट फिरवायला लावलं. गुळगुळीत पाहिजे तिथं बारीक बारीक खळगे. सारख्या अंतरावर, गोळ्या जिथं टेकतात नेमक्या तिथं.

"हाणलंयस," आप्पा म्हणाले. "हातोड्यानं ठोकून बसवलंयस."

"आईशप्पत न्हाय, आप्पा. तेलात गरम करून बसवलंय. आपसूक सरकलंय."

"मग हे खळगं काय उंदरानं पाडलं?"

मला लई लागलं ते. पण नवं मिळालं, मी ते आणखी जपून बसवलं. परत पूजा, परत पेढे. आणि परत तेच. पुन्हा कपलिंगच्याच बाजूचं. पुन्हा तसेच खळगे. आप्पांनी पुन्हा तशीच माझी हजामत केली.

इकडं गावात बोलणं सुरू झालं. पहिल्यांदा पारावर, मग दूध डेअरीत, मग घरात. "पोरगं चांगलं हाय, पण त्याच्या हाताला गुण न्हाय." आता हे वाक्य ऐकायला साधं आहे. पण आमच्याकडं हाताला गुण नाही म्हटलं की माणूस कामातनं गेला. चुलत्याच्या रानात दर साली उन्हाळी भुईमुगाची पहिली मूठ मी टाकायचो. त्या साली चुलत्यानं मला बोलावलंच नाही. भांडण नाही, तंटा नाही, नुसतं बोलावलं नाही. मी बांधावर गेलो तर त्याचा मेव्हणा पेरत होता. चुलता म्हणाला, "आलास व्हय? बस की, च्या घे." मी चहा घेतला आणि घरी आलो.

वाईट हे की हळूहळू मलाही ते खरं वाटायला लागलं. घरात बल्ब गेला तर मी बायकोला म्हणायचो, तूच लाव. म्हशीची धार काढायला बसायचो नाही. बायको चिडायची. "खुळं झालासा काय? हाताला काय झालंय तुमच्या?" मी हात पुढं करून बघायचो. हात दिसायला होते तसेच होते. फिटरनं आपल्या हातावरचा भरवसा घालवला तर त्याच्याकडं राहतंय काय? पाना, पकड तर बाजारात कुणालाही मिळते.

ऐन उन्हाळ्यात बेअरिंग परत गेलं. माळावरचा ऊस सुकायला लागला होता. सभेत चेअरमन सगळ्यांसमोर म्हणाले, आणि म्हणताना त्यांनाही बरं वाटत नव्हतं, "हे शेवटचं. हेबी गेलं तर दुसरा फिटर बघाय लागंल. माझा काय राग न्हाय बाबा तुझ्यावर, पर गावाचा ऊस हाय." मी मान हलवली आणि मेलेलं बेअरिंग पिशवीत घालून संस्थेच्या मोपेडवरनं शाहूपुरी गाठली.

आप्पांनी बेअरिंग घेतलं. पण या खेपेला छिन्नी उचलली नाही. बेअरिंगच्या तोंडाशी बसणारं ऑइल सील बरोबर आणलं होतं, त्याच्या रबरी ओठाखाली नखानं काहीतरी उकरलं. बोटभर लांबीचा तपकिरी धागा निघाला. त्यांनी तो नाकाजवळ धरला, मग उजेडात.

"काथ्या. सुंभ वापरतासा काय पंपघरात?"

"न्हाय, आप्पा."

"गोणपाट?"

"ते तागाचं. ते बी दारात पाय पुसायला."

"कपलिंगची लेव्हल कशी बघतोस?"

मी सांगितलं. पट्टी लावतो, फिलर गेजच्या पात्या चारी बाजूंनी घालून फट बघतो, मोटारीखाली पातळ पत्रे सारून सरळ करतो. ग्लँडचं विचारलं. थेंब पडू देतो म्हणालो. ग्रीस किती घालतो ते विचारलं. तेही बरोबर निघालं. आप्पांनी तो धागा कागदाच्या पुडीत बांधून ठेवला. मला वाटलं, आता पेपर उघडणार.

"आप्पा, नवं द्या," मी म्हणालो. "उद्या पंप चालला न्हाय तर मला काढत्यात." आणि कसं कोण जाणे, मी दुकानात दुसऱ्या गिऱ्हाइकांसमोर रडायलाच लागलो. मोठा बाप्या माणूस मी. "माझ्या हातालाच गुण न्हाय म्हणत्यात आप्पा."

"तू सगळं बरोबर करतोस," आप्पा स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "मग हाणतंय कोण?"

ते उठले. आतनं एक कापडी पिशवी भरून आणली आणि दुकानाचं फळ्यांचं दार ओढलं. भर दुपारी. बाजूचे दुकानदार बाहेर येऊन बघायला लागले, कारण कामाच्या दिवशी आप्पांचं दुकान बंद झालेलं कुणी पाहिलं नव्हतं. "कोण गेलं?" एकानं विचारलं. आप्पा म्हणाले, "अजून कोण न्हाय. तेच बघाय निघालोय." आणि माझ्या मागं मोपेडवर एका अंगाला दोन्ही पाय सोडून बसले, वर छत्री उघडली. शाहूपुरीपासनं आमच्या गावापर्यंत लोक थांबून बघत होते. वाऱ्यानं छत्री उलटी होत होती आणि म्हातारा मला "हळू चालव आंधळ्या" म्हणत होता.

पंपघरात आल्यावर त्यांनी पंपाकडं ढुंकूनही बघितलं नाही. खुर्ची मागून घेतली, बसले आणि जमलेल्या मंडळींना म्हणाले, "नवं बेअरिंग बसवल्यापासनं बटण दाबस्तवर तुमी काय काय करतासा, समदं मला करून दाखवा. एक गोष्ट गाळायची न्हाय."

चेअरमन म्हणाले, "अवो आप्पा, पर नवं बेअरिंग कुठाय?"

"मेलेलंच बसवा. नवं हाय असं समजा."

मेलेलं बेअरिंग परत बसवायचं! मंडळींनी एकमेकांकडं बघितलं. पण शाहूपुरीचा म्हातारा दुकान बंद करून आलाय म्हटल्यावर कोण काय बोलणार? मी ते बसवलं, कपलिंग जोडलं. आप्पा नुसते बघत होते. मग म्हणाले, "फुडं?"

"फुडं पूजा," चेअरमन म्हणाले.

"करा की."

हळद-कुंकू आलं, हार आला, उदबत्त्या आल्या आणि नारळांचं पोतं आलं. पूर्वी आमच्याकडं खंडेनवमीला एक नारळ फुटायचा, तोही पंपघराच्या उंबऱ्यावर. नव्या चेअरमनांनी हौसेनं पहिला नारळ पंपावरच फोडला. बेअरिंग गेलं तेव्हा त्यांना वाटलं, आपलं कुठंतरी कमी पडलं. मग पाच फोडले. पुन्हा गेलं, तेव्हा अकराच्या अकरा संचालकांनी एकेक फोडला. बेअरिंगं मरत गेली तसे नारळ वाढत गेले. आणि नारळ फोडायला पंपघरात सोयीची कड एकच होती, कपलिंगची. कमरेच्या उंचीला, लोखंडी, धारेची. आम्हाला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. देवाचं काम, त्यात बघायचं काय?

चेअरमननी नारळ डोक्याच्या वर नेला आणि तालमीतल्या हातानं कपलिंगवर असा हाणला, की पाण्याचा फवारा सगळ्यांच्या अंगावर आणि शेंडीचा चुरा दांड्यावर.

"साकु! साकु!" आप्पा खुर्चीवरनं उठून ओरडले. पुरे, पुरे. मग त्यांना मराठी आठवली. "थांबा. चेअरमन, तुमी हिकडं या. दांड्यावर हात ठेवा. हितं, बेअरिंगच्या जवळ. दाबून. आता दुसऱ्या कुणीतरी फोडा. तेवढ्याच जोरानं."

एका संचालकानं फोडला. चेअरमननी झटकन हात काढला आणि कोपर चोळायला लागले.

"काय झालं?"

"खांद्यापतोर झिणझिण्या आल्या की वो."

"तुमचा ह्यो हात," आप्पा म्हणाले, "ह्या हातानं तुमी पैलवान लोळवल्यात. त्याला झिणझिण्या आल्या. आतल्या गोळ्या केवढ्या असत्यात ठावं हाय? बोराएवढ्या. त्यांस्नी पाच-पाच, अकरा-अकरा नारळ!" त्यांनी पिशवीतनं जुन्या कापलेल्या कड्या काढल्या, एकेकाच्या हातात दिल्या, खळग्यांवरनं बोटं फिरवायला लावली. तो काथ्याचा धागाही दाखवला. कड्या हातोहात फिरत होत्या.

चेअरमनांचं तोंड उतरलं. त्यांना राग नव्हता आला, भीती वाटली होती. "म्हंजे आप्पा, देवाच्या नारळानं वाटोळं झालं म्हंतासा? असं कसं हुईल?"

मला वाटलं, आता बिघडतंय. देवाचं नाव निघालं म्हणजे संपलं. आप्पांनी सदऱ्याच्या आतलं, गळ्यातलं इष्टलिंग डोळ्यांना लावलं आणि म्हणाले, "चेअरमन, देवळात गेल्यावर नारळ पायरीवर फोडतासा, का देवाच्या डोस्क्यात?"

मग चेअरमन जे हसायला लागले! एवढा मोठा माणूस, पोट धरून भिंतीला टेकला. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतनं पाणी आलं. सगळं पंपघर हसत होतं. त्यांनी स्वतः नदीकाठचा एक चपटा दगड उचलून आणला, एकट्यानं, आणि पंपघराच्या दारात टेकवला. म्हणाले, "आजपासनं देवाचं हितं. आत नारळ घेऊन कोण शिरला तर माझ्यासंगं गाठ हाय."

आप्पांनी पिशवीतनं नवं बेअरिंग काढलं. म्हणजे शाहूपुरीतनं निघतानाच म्हाताऱ्यानं ते बरोबर घेतलं होतं.

"आता हे तुमच्याच हातानं बसवा आप्पा," चेअरमन म्हणाले. "एवढं कराच."

"मी?" आप्पा म्हणाले. "मी जन्मात एकबी बसवलं न्हाय. मी इकणारा. बसवणारा ह्यो."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. कुणीतरी मागनं हळू आवाजात म्हणालं, "पर त्याचा हात..." तेवढंच. पुढचं कुणी बोललं नाही, पण ऐकायला सगळ्यांना आलं. मलाही आलं. मला वाटलं, आप्पा आता त्या माणसाला फाडून खाणार. पण आप्पांनी मला हात धुवायला लावले आणि बेअरिंगचा बॉक्स माझ्या हातात दिला. खिडकीखालच्या सावलीत एक पोतं अंथरलं, त्यावर आडवे झाले, छत्री तोंडावर ओढली आणि थोड्या वेळात घोरायला लागले. सोंग नव्हे, खरं घोरणं. चेअरमनांच्या घरनं आलेली झुणका-भाकरी अंगावर आली असेल.

आणि मी कामाला लागलो. अर्धं गाव माझ्या बोटांकडं बघत होतं. मेलेलं ओढून काढलं. तेल तापवलं, त्यात नवं बेअरिंग सोडलं. धुतलेले हात मी परत दोनदा पुसले, हे आता सांगायला काय हरकत आहे? तेलातनं काढून दांड्यावर धरलं आणि ते आपसूक जागेवर सरकलं. खिडकीखालनं घोरणं चालूच होतं. नवं सील घातलं. कपलिंगला पट्टी लावली, एक पातळ पत्रा काढला, परत बघितलं. ग्लँड सैल केला. घोरणं चालूच. त्या घोरण्यानं मला किती धीर आला ते मला सांगता यायचं नाही. कपलिंगचे बोल्ट आवळेपर्यंत मी हातांकडं बघायचं विसरलो होतो.

चेअरमननी दारातल्या दगडावर एकच नारळ फोडला. मी बटण दाबलं. पंपानं पाणी धरलं. घरघर नाही, किरकिर नाही, ग्लँडातनं एकेक थेंब. वरच्या टोकाला पाणी पडल्याचा निरोप येईपर्यंत मी बेअरिंगवर हात ठेवून उभा होतो. निरोप आला तसा चुलता गर्दीतनं पुढं आला, माझ्या खांद्यावर थाप मारली आणि रानाकडं गेला.

आप्पांना हलवून उठवायला लागलं. उठल्यावर त्यांनी पंपाचं काही विचारलं नाही. चहा विचारला.

परत सोडायला मीच निघालो. छत्री मिटलेली होती, ऊन कललं होतं. शहर जवळ आल्यावर मला राहवेना. मी मागं वळून म्हणालो, "आप्पा, अर्धं गाव डोळे फाडून बघत हुतं. तुमी झोपलासा कसं? माझ्या हातनं बिघडलं असतं म्हंजे?"

"फुडं बघून चालव आंधळ्या," ते म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "जागं राहून मी काय करणार हुतो? तू करत हुतास की."